आयर्लंडमधलं लग्न वर्षाच्या बोलीवर नसतं

रात्री साडेअकराला मावशीचा फोन. आवाज कापत होता. तिच्या धाकटीचं मेयो काउंटीतल्या मुलाशी ठरलंय आणि नेमका आत्ताच कुणीतरी तिला तो मेसेज पाठवला : आयरिश खेड्यांत नवरा-नवरीचे हात दोरीने बांधतात, एक वर्ष एक दिवस नांदून बघतात, नाही पटलं तर पाठ फिरवून मोकळे. मुहूर्त वगैरे नाहीच. मुखवटेवाले येऊन नवरीला ओढून नेतात. खाली, 'मुलींच्या आईवडिलांपर्यंत पोचवा.' पोचवणाऱ्याने आधी वाचून तरी बघायचं होतं!

वर्षाच्या बोलीचं आधी. मीथ काउंटीत टेलटाउनला पूर्वी अशी लग्नं लागत, ही लोकांतली आठवण आयरिश अभ्यासक जॉन ओ'डोनोव्हन यांनी १८३६ साली टिपून ठेवली. प्राचीन आयरिश कायद्यात काडीमोडही होता. एवढं मान्य. पण १८३६ मध्येसुद्धा ती गेल्या काळाचीच गोष्ट होती.

शेतकऱ्यांची लग्नं खरी कशी जमायची, ते हार्वर्डचे मानववंशशास्त्रज्ञ कॉनरॅड एरेन्सबर्ग यांनी १९३०च्या दशकात क्लेअर काउंटीत राहून लिहिलं. आधी मध्यस्थ. मग मुलीकडची माणसं येऊन शेत, गुरं, घर बघणार. हुंड्यावर (त्यांचा शब्द 'स्प्रे') घासाघीस, मग वकिलाकडे कागद. त्या कागदाने बाप शेत मुलाच्या नावावर करायचा आणि म्हातारा-म्हातारी पश्चिमेच्या खोलीत जायची. त्यांच्या पोटापाण्याची तजवीजसुद्धा त्याच कागदात लिहिलेली. नांदून बघण्यासाठी कोण बाप आपलं शेत लिहून देईल? १९३७च्या राज्यघटनेने तर घटस्फोटावरच बंदी घातली. ती उठवायला १९९५चं सार्वमत लागलं, तेही अगदी काठावर पार पडलं.

मुहूर्त नाही म्हणे. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासात लग्नं लागत नसत, म्हणून त्याच्या आदल्या मंगळवारी चर्चमध्ये झुंबड उडायची. त्यातूनही बिनलग्नाचे राहिलेल्यांच्या पाठीवर काही भागांत पुढच्या रविवारी खडूने रेघा ओढत. ही चाल मलाही आवडत नाही.

मुखवटेवाले म्हणजे स्ट्रॉबॉइज. पेंढ्याचे उंच टोकदार मुखवटे घालून बिनबोलावता यायचे, त्यांचा म्होरक्या नवरीबरोबर नाचायचा, मग मंडळी आपल्या वाटेने जायची. कधी दंगा व्हायचा, हे खरं. नवरीला कुणी पळवत नसे. ते मुखवटे मुलाच्याच काउंटीत, टर्लोच्या संग्रहालयात ठेवलेत.

मावशी, लग्नाला जाशील तेव्हा ते बघून ये. आणि तशी पोरं हॉलच्या दारात आलीच, तर घाबरू नकोस, त्यांना आत घे.