माळ्यावर ठेवलेली वाइन मुरत नाही: खुलासा
‘स्वस्तातली वाइन माळ्यावर टाका, पाच वर्षांनी सोनं होईल’ असा मेसेज मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. तो चुकीचा आहे. नाशिकची शनिन ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ ही पांढरी वाइन बहुतेक ताजेपणीच, वर्षा-दोन वर्षांत प्यायची असते. तीन-चार वर्षं ठेवायचीच असेल तर टॅनिन (द्राक्षाच्या सालीतून-बियांतून येणारा तुरटपणा) आणि आंबटपणा दोन्ही भरपूर असलेली, ओकच्या लाकडी पिंपात मुरवलेली ‘रिझर्व्ह’ शिराझ ही लाल वाइन घ्या आणि लेबलवरचं हंगामाचं वर्ष, म्हणजे द्राक्षं तोडल्याचं वर्ष, आधी बघा. खरा शत्रू मात्र आपला उकाडा. वाइनला १२ ते १४ अंश स्थिर तापमान लागतं. मे महिन्यात स्लॅबखालच्या माळ्यावर बूच वर सरकतं, कडेने थेंब पाझरतात आणि चव शिजवलेल्या मनुकांसारखी होते. घरात वाइन कूलर नसेल तर कृपया बाटल्या साठवू नका.