‘सोलापुरात बसून’ लिहिणाऱ्याचं उत्तर

वकीलसाहेब, नमस्कार.

बांधकामाच्या वादात लवादाचं, म्हणजे कोर्टाबाहेर वाद सोडवायला नेमलेल्या पंचाचं, काम थांबवायला कोर्टाने मनाई हुकूम देऊ नये, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमची प्रतिक्रिया: “सोलापुरात बसून लंडनच्या कायद्याच्या गप्पा मारणं सोपं आहे. ज्या लवादाला अधिकारच नाही, त्याच्यापुढे पक्षकाराने खेटे का घालायचे?”

मतभेदाचं मला वावडं नाही. पण ‘सोलापुरात बसून’ हे कशाला? सोलापूरकराने कायदा वाचू नये की काय? माझे वडील गवंडी होते. मी स्वतः होटगी रोड, अक्कलकोट रोडला ठेके घेतले आहेत. त्यातल्या एका कामाच्या वादात एम.बी. (कामाच्या मोजमापाचं पुस्तक) लवादापुढे मांडून झाली होती, सेंट्रिंगचं माप दोघांनाही कबूल होतं. तेवढ्यात समोरच्याने स्टे आणला. कारण काय, तर लवाद नेमण्याची पद्धत चुकली! गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, आधी मजुरी चुकती करतो असा मी शब्द दिला होता. बायकोचं गंठण मोडून तो पाळला. दारात उभ्या राहिलेल्या बिगाऱ्यांना ‘अधिकारक्षेत्र’ समजावून सांगायची वेळ तुमच्यावर कधी आली आहे का? आली नसेल, तर माझ्या लिहिण्याला गप्पा म्हणू नका.

इंग्लंडचा 1996चा बांधकामाच्या करारांचा कायदा मी लेखात मिरवायला आणला नव्हता. तिथे बांधकामाच्या वादाचा तात्पुरता निकाल 28 दिवसांत द्यायचा असतो. निकालाप्रमाणे आधी पैसे द्या, मग हवं तर भांडा. कंपनी दिवाळखोरीत निघाली म्हणूनसुद्धा ती प्रक्रिया रोखायला तिथल्या सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये नकार दिला.

लंडन नको असेल तर आपलं घ्या. आपल्या 1996च्या लवाद कायद्याचं कलम 16 काय सांगतं? अधिकार आहे की नाही हे लवादच ठरवेल. त्याने हरकत फेटाळली तर काम पुढे चालेल, निवाडा होईल, आणि मग कलम 34 खाली कोर्टात जा. म्हणजे तुमच्या पक्षकाराचं दार कुणी बंद केलेलं नाही, फक्त ते मधेच उघडायचं नाही. भावेन कन्स्ट्रक्शनचं प्रकरण बघा. विटांचा करार 1991चा, समोर सरदार सरोवर नर्मदा निगम, गुजरात सरकारची कंपनी. लवादाने हरकत फेटाळल्यावर निगम हायकोर्टात गेलं. हायकोर्टाने असा मधेच हात घालू नये, अगदी अपवादात्मक परिस्थितीतच घालावा, हे सुप्रीम कोर्टाने सांगितलं 2021 मध्ये. तीस वर्षं, साहेब!

लवादाची फी लहान ठेकेदाराच्या आवाक्याबाहेरची आहे, हे तुमचं म्हणणं मान्य. पण स्टेने ती कमी होत नाही, वर वकिलाची फी वाढते.

बाकी पक्षपाती लवाद, बँक गॅरंटी वगैरे जे लिहिलंत त्यात मी शिरत नाही. पक्षपाताच्या हरकतीला आपल्याच कायद्याचं कलम 13 आहे.

पुढच्या वेळी मुद्द्यावर लिहा, मी सविस्तर उत्तर देईन. गाव काढणार असाल तर तुमची प्रतिक्रिया इथे ठेवणार नाही.