‘हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद करा’: लिनक्सवरील गोठणाऱ्या व्हिडिओबाबतच्या एका सल्ल्याचा प्रतिवाद

लिनक्सवर व्हिडिओ मध्येच गोठतो अशी तक्रार कुणी केली की एक ठरावीक उत्तर ऐकवले जाते. लिनक्स मुळात व्हिडिओसाठी घडवलेले नाही. ब्राउझरमधील हार्डवेअर ॲक्सिलरेशन, म्हणजे व्हिडिओचे काम ग्राफिक्स चिपकडे सोपवण्याची सोय, कायमचे बंद करावे. कोडेकचे, म्हणजे व्हिडिओ आकुंचित करण्याच्या आणि उलगडण्याच्या पद्धतीचे, पॅकेज बसवावे. आणि एवढ्याने भागले नाही तर नवे ग्राफिक्स कार्ड घ्यावे, असे त्या उत्तराचे चार भाग असतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा आधार संपल्यानंतर ज्यांनी जुन्या संगणकावर लिनक्स बसवले, त्यांचे या उत्तराने विशेष नुकसान होते, कारण दुरुस्त होण्याजोगा दोष तसाच राहतो आणि दोष मात्र संपूर्ण प्रणालीला दिला जातो.

पहिले विधान फार वेळ टिकत नाही. अँड्रॉइड फोन आणि क्रोमबुक ही दोन्ही लिनक्सच्या कर्नलवर, म्हणजे गाभ्यावरच चालतात आणि त्यांवर लोक दिवसभर व्हिडिओ पाहतात. फरक इतकाच, की तेथे चिप, ड्रायव्हर आणि कोडेक यांची जुळणी निर्मात्याने आधीच करून दिलेली असते. डेस्कटॉपवर ते काम वितरणाकडे, म्हणजे फेडोरासारख्या लिनक्सच्या तयार संचाकडे येते, आणि काही वितरणे त्यातील एखादा भाग जाणूनबुजून वगळतात. २०२२ मध्ये आलेल्या फेडोरा ३७ ने पेटंटच्या कारणास्तव आपल्या मेसा या ग्राफिक्स ड्रायव्हरच्या पॅकेजमधून एच.२६४ आणि एच.२६५ या कोडेकचे हार्डवेअर डिकोडिंग, म्हणजे चिपकडून व्हिडिओ उलगडून घेणे, काढून टाकले, त्यामुळे एएमडीची चिप असलेल्या संगणकात डिकोडर असूनही तो वापरात येईना, आणि ती सोय आरपीएम फ्यूजन या फेडोराबाहेरील भांडारातून वेगळी घ्यावी लागू लागली. हा कायदेशीर खबरदारीचा परिणाम आहे. त्याला लिनक्सची असमर्थता म्हणणे अन्यायाचे आहे.

दुसरे विधान अधिक घातक आहे, कारण त्याने कधीकधी खरोखरच गुण येतो. ग्राफिक्स चिपमध्ये व्हिडिओ उलगडण्यासाठी स्वतंत्र विभाग असतो आणि लिनक्सवरील ब्राउझर बहुधा व्हीए-एपीआय या दुव्यातून त्याच्याशी बोलतो. ही वाट बंद केली की सगळे काम प्रोसेसरवर येते. प्रोसेसर दमदार असेल तर वापरकर्त्याला फरक जाणवत नाही; पण दोन कोअरच्या जुन्या लॅपटॉपवर पंखा जोरात फिरू लागतो, प्रोसेसर तापून स्वतःचा वेग उतरवतो आणि फ्रेम गळू लागतात, म्हणजे ज्या तक्रारीसाठी उपाय केला तीच वाढते. शिवाय फायरफॉक्सच्या सेटिंगमधील सर्वसाधारण स्विच बंद केल्यास केवळ व्हिडिओच नव्हे, तर पान रंगवण्याचे कामही प्रोसेसरवर पडते. जुलै २०२३ च्या ११५ व्या आवृत्तीपासून इंटेलच्या चिपसाठी आणि २०२५ च्या १३६ व्या आवृत्तीपासून एएमडीच्या चिपसाठी फायरफॉक्सने लिनक्सवर हार्डवेअर डिकोडिंग स्वतःहून सुरू ठेवले आहे. ते कायमचे बंद ठेवण्याऐवजी चाचणीपुरते बंद करून पाहावे. बंद केल्यावर गोठणे थांबले, तर संशय ड्रायव्हरवर जातो. मग कर्नल आणि मेसा अद्ययावत करून ते पुन्हा सुरू करावे.

मात्र या चाचणीआधी व्हिडिओ कोणत्या कोडेकमध्ये येत आहे ते पाहणे आवश्यक आहे. यूट्यूब बहुतेक वेळा व्हीपी९ किंवा एव्ही१ पाठवते. इंटेलच्या चिपमध्ये व्हीपी९ पूर्णपणे उलगडण्याची सोय सातव्या पिढीपासून आणि एव्ही१ची २०२० च्या अकराव्या पिढीपासून आली, म्हणून चौथ्या पिढीच्या लॅपटॉपवर ॲक्सिलरेशन सुरू असो वा बंद, हे दोन कोडेक प्रोसेसरलाच झेलावे लागतात. व्हिडिओवर उजवी क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडले की कोडेक आणि गळलेल्या फ्रेमची संख्या दोन्ही दिसतात, आणि व्हीएइन्फो ही आज्ञा आपल्या चिपला काय उलगडता येते ते सांगते. येणारा कोडेक चिपला उलगडता येत नसेल, तर एच.२६४ मागवणारे ब्राउझर एक्स्टेन्शन बसवावे किंवा व्हिडिओचा दर्जा ७२०पीवर उतरवावा. असा संगणक टाकाऊ मुळीच नसतो.

कोडेकच्या पॅकेजबद्दल एवढेच सांगणे पुरे, की कोडेक नसेल तर व्हिडिओ सुरूच होत नाही किंवा त्रुटीचा संदेश येतो. दहा मिनिटे नीट चाललेला व्हिडिओ अकराव्या मिनिटाला अडकला, तर कोडेक नाही असे म्हणण्यास जागाच उरत नाही.

या उत्तरात ध्वनीचा उल्लेखही नसतो, आणि माझ्या मते त्याची सर्वांत मोठी उणीव हीच आहे. बहुतेक प्लेअर चित्राची गती ध्वनीच्या घड्याळाशी बांधतात. ब्लूटूथ हेडफोन तुटला किंवा एचडीएमआयने जोडलेला मॉनिटर झोपी गेला आणि पाइपवायर या लिनक्सवरील ध्वनियंत्रणेचा प्रवाह अडकला, तर ध्वनी पुढे सरकत नाही आणि त्याच्यासाठी चित्रही थांबून राहते. पाहणाऱ्याला हा ग्राफिक्सचा दोष वाटतो. अशा वेळी ध्वनीसाठी दुसरे साधन निवडावे, किंवा पाइपवायर आणि तिचे व्यवस्थापन करणारी वायरप्लंबर या वापरकर्त्याच्या सेवा पुन्हा सुरू कराव्यात. चित्र लगेच हलले तर कारण सापडले. तीच फाइल एमपीव्ही या प्लेअरमध्ये ध्वनी वगळून चालवली तरी हा संशय पडताळता येतो. याउलट ध्वनी चालू राहून केवळ चित्र थांबत असेल तर डिकोडर आणि ड्रायव्हर पाहावेत, आणि दोन्ही थांबून गोल चक्र फिरत असेल तर आधी इंटरनेट तपासावे.

नव्या कार्डाचा सल्ला प्रामुख्याने पूर्ण संगणकच गोठतो तेव्हा दिला जातो. अशा वेळी पुन्हा सुरू केल्यावर जर्नलसीटीएल या नोंदी दाखवणाऱ्या आज्ञेने मागील बूटच्या कर्नल नोंदी वाचाव्यात. तेथे इंटेलसाठी ‘जीपीयू हँग’, एएमडीसाठी ‘रिंग’सोबत ‘टाइमआउट’ किंवा एनव्हिडियासाठी ‘एक्सआयडी’ अशी ओळ असेल, तर कार्डापेक्षा आधी कर्नल आणि ड्रायव्हरची आवृत्ती बदलून पाहणे योग्य ठरते, कारण त्यासाठी पैसे लागत नाहीत. तशी ओळ नसेल आणि गोठण्याच्या वेळी हार्ड डिस्कचा दिवा अखंड जळत असेल, तर मेमरी संपून संगणक स्वॅपवर, म्हणजे मेमरीऐवजी डिस्कच्या जागेवर, गेल्याची शक्यता मोठी असते. चार जीबी रॅमवर अनेक टॅब उघडे ठेवून व्हिडिओ पाहणाऱ्याला नवे ग्राफिक्स कार्ड काहीही मदत करू शकत नाही. त्याने टॅब बंद करावेत, आणि खर्च करायचाच असेल तर तो रॅमवर करावा.