अल्जिनेट ओव्हनमध्ये नकोच, सिलिकॉनचं मात्र वेगळं : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. दातांची मापं (तोंडात घेतलेले साचे) मायक्रोवेव्हमध्ये निर्जंतुक करण्यावरच्या माझ्या लेखावर, डेंटल लॅबमध्ये रोज मापं हाताळत असूनही वेळ काढून लिहिलंत, आभार. तुमचे आक्षेप तीन: मायक्रोवेव्हमधून काढलेलं अल्जिनेट (पाण्यात कालवून घ्यायचं मापाचं साहित्य) आकसलं आणि त्यातून ओतलेल्या मॉडेलवरची कवळी बसली नाही, माप धरणाऱ्या धातूच्या ट्रेमुळे ठिणग्या उडाल्या, आणि हायपोत (सोडियम हायपोक्लोराइटच्या जंतुनाशक द्रावणात) दहा मिनिटं ठेवून भागतं, तर हा खटाटोप कशाला?

पहिले दोन पूर्ण मान्य. ‘माप ओव्हनमध्ये ठेवा’ एवढंच मी लिहिलं, कोणतं माप ते सांगितलंच नाही. चूक माझी. लेख दुरुस्त केला आहे.

अल्जिनेटमध्ये ऐंशी टक्क्यांच्या घरात पाणी असतं आणि 2450 मेगाहर्ट्‌झच्या लहरी तापवतात ते मुख्यतः पाणीच. म्हणजे माप आतूनच उकळतं, वाफ निघून जाते आणि ते आकसतं. वेळ कमी करूनही ते वाचत नाही. नुसतं टेबलावर उघडं राहिलं तरी ते थोड्याच वेळात पाणी सोडू लागतं. कम्पाउंड (गरम करून मऊ करायचं मापाचं साहित्य) आणि मेणाचा बाइट (दात मिटल्यावरची नोंद) साठ अंशांच्या आसपासच मऊ पडतात. या तिन्हींना तुमचा हायपोच बरा.

पुट्टी-लाइट बॉडीचं, म्हणजे घट्ट आणि पातळ सिलिकॉननं घेतलेल्या मापाचं, गणित निराळं. सिलिकॉनमध्ये पाणी नसल्यामुळे ते स्वतः फारसं तापत नाही, पण कोरडंच फिरवून काढलं तर त्यावरचे जंतूही तापत नाहीत. जंतू मारते ती उष्णता, म्हणून माप पाण्यात पूर्ण बुडालेलं हवं. कवळीवरच्या प्रयोगांतला 650 वॅट, 3 मिनिटं, 200 मिली पाणी हा आकडा मापांना सरसकट लावला जातो. हिशेब करून बघा: 200 मिली पाणी 25 वरून 100 अंशांवर न्यायला सुमारे 63 किलोज्यूल लागतात, म्हणजे अगदी आदर्श स्थितीतही दीड मिनिटाहून थोडं जास्त. उरलेला वेळ ते उकळतं. फुल आर्चचा (पूर्ण जबड्याचा) ट्रे बुडवायला 400 मिली घेतलंत, तर तिन्ही मिनिटं उकळी येण्यातच जातात! म्हणून वेळ मोजायचा तो उकळी फुटल्यापासून, आणि तेही उत्पादकानं एवढी उष्णता चालेल असं लिहिलं असेल तरच. स्वस्त पॉलिस्टायरीनचा ट्रे शंभर अंशांजवळ वाकतो; ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेनं निर्जंतुक करणारं यंत्र) चालणारा प्लास्टिकचा ट्रे घ्या.

बाहेर काढल्यावर घाई नको. जाड पुट्टी वरून गार लागते, आत गरमच असते. सिलिकॉन दर अंशाला दहा लाखांत 150 ते 200 भाग प्रसरण पावतं. 20 अंश जास्त असताना स्टोन (मॉडेलचं कडक प्लास्टर) ओतला, तर 50 मिमी रुंदीत ढोबळ हिशेबानं दीडशे मायक्रॉनपेक्षा कमी फरक पडत नाही. क्राउनची (दातावरच्या टोपीची) मार्जिन, म्हणजे कडा, एवढ्यात चुकते. तासभर ठेवा. पुट्टी ट्रेपासून कडेला सुटलेली दिसली तर ते माप बाद. गार झाल्यावर ती पूर्वीच्या जागी बसेलच असं नाही.

आता हायपो. 0.5 टक्के द्रावणात दहा मिनिटं, हे बरोबरच आहे. पण 5 टक्क्यांच्या बाटलीतून एकास नऊ पाणी घालून ते रोज ताजं करायला हवं. कालचं द्रावण कमजोर झालेलं असतं. माप आधी वाहत्या पाण्याखाली धुतलंच पाहिजे, नाहीतर लाळ आणि रक्तच क्लोरीन संपवून टाकतात. पॉलिइथर (मापाचं आणखी एक रबरी साहित्य) दहा मिनिटांपलीकडे बुडवून ठेवू नका, ते पाणी शोषून फुगतं. आणि हायपो लागलेलं माप न धुता ओव्हनमध्ये कधीही नको, घातक वाफा निघतात.

एक विनंती: क्लिनिकमधून येणाऱ्या प्रत्येक पिशवीवर कशानं, किती वाजता निर्जंतुक केलं ते लिहून मागा. त्या चिठ्ठीअभावी तेच माप दोनदा भिजतं, नाहीतर एकदाही नाही.