गवळाऊची वेतं मोजा

मांसासाठी पाळलेल्या कळपातही परदेशी पशुपालक नुसत्या गवतावर तगून दरवर्षी वासरू देणारी गाय निवडतात, असं गाय-निवडीवरच्या एका लेखात वाचलं. आपल्याकडे महाराष्ट्रात गाय आधीपासून अन् २०१५ पासून बैल-वळूही हत्याबंदीत, तेव्हा मांसाचा हिशेब सोडा. पण निवडीची ही रीत नागपूर-वर्ध्याच्या गवळाऊ या देशी गाईला चपखल बसते. गाय साधारण २८० ते २८५ दिवस गाभण राहते. म्हणजे वर्षाला एक वेत, म्हणजे एक वासरू, हवं तर व्याल्यावर ८० दिवसांत ती पुन्हा गाभण राहायला पाहिजे. मोठ्या अंगाच्या संकरित गाईचं घोडं इथंच अडतं, ढेप (पेंड) कमी पडली की माजावरच येत नाही. आमची गवळाऊ उन्हाळा तुरीच्या कुटारावर (वाळल्या भुशावर) काढते अन् पावसाचं पहिलं गवत खाल्लं की पाठ भरून येते.

त्या लेखात कास-सडाचा विषय राहिला. सड जाड अन् लोंबते असले तर नवं वासरू ते तोंडात धरू शकत नाही, चीक, म्हणजे व्याल्यावरचं पहिलं दूध, पोटात जायला उशीर होतो. बाजारात मात्र गिऱ्हाईक पहिले दुधाचे लिटरच विचारते! कालवड घेताना तिच्या मायची वेतं विचारा ना भाऊ. वळू कोणत्या गाईचा, हे तर गावात कोणी लिहूनच ठेवत नाही.