ऐंशीव्या मिनिटानंतरचे ‘आपण’

आमच्या कोल्हापूरच्या शाळासोबत्यांच्या ग्रुपवर परवा पुन्हा तेच. कुणीतरी भारत-कतार फुटबॉल मॅचची, दोहाची जुनी क्लिप टाकली आणि खाली एकाचा निकाल: “आपल्या माणसाला शेवटची दहा मिनिटं झेपतच नाहीत. रक्तातच नाही भावा.” त्यावर बारा अंगठे. माझं डोकंच फिरलं. शाहू स्टेडियमवर उन्हात बसून तालमींच्या मॅच बघत वाढलेली ही माणसं. शेवटच्या मिनिटाला गोल वाचवायला गुडघे फोडून आडवी पडणारी पोरं त्यांनी डोळ्यांनी पाहिलीत. त्या पोरांचं रक्त कुठलं होतं?

तशी यादी मलाही पाठ आहे. सप्टेंबर २०१९, गुवाहाटी. सुनील छेत्रीच्या गोलवर आपण ओमानच्या पुढे होतो, मग ८२व्या मिनिटाला एक आणि ९०व्याला दुसरा. मार्च २०२४, परत गुवाहाटी, छेत्रीचा दीडशेवा आंतरराष्ट्रीय सामना, पुन्हा त्याचाच गोल आणि ८८व्या मिनिटाच्या पेनल्टीवर अफगाणिस्तानने मॅच नेली. त्याच वर्षी जूनमध्ये दोहा. छांगटेने आघाडी दिली, ७३व्या मिनिटाला कतारने जो गोल केला त्याआधी चेंडू रेषेबाहेर गेला होता, हे रेफ्री सोडून सगळ्यांना दिसलं. अन्याय झालाच. पण ८५व्या मिनिटाचा दुसरा गोल स्वच्छ होता.

आता इकडचं, मी राहतो त्या जर्मनीतलं ऐका. नोव्हेंबर २०२२, वर्ल्ड कपमध्ये जर्मनी आणि जपान. दुपारची मॅच, आमच्या कँटीनमध्ये लावलेली. गुंडोआनच्या पेनल्टीवर १-०. मग ७५व्या मिनिटाला जपानचा डोआन, ८३व्याला असानो. चार वेळचे जगज्जेते आठ मिनिटांत आडवे. रक्ताचा विषय कुणी काढला नाही. शेजारचा म्हणाला, गुंडोआनला बाहेर काढायलाच नको होतं, आणि ट्रे ठेवायला उठला. (नंतर पेपरांनी बराच गळा काढला, पण ते मी ग्रुपवर लिहिलं नाही.)

माझं म्हणणं एवढंच की हा शिकण्याचा भाग आहे. शनिवारी मी लेकाच्या डी-युगेंडच्या, म्हणजे तेरा वर्षांखालच्या पोरांच्या मॅचला उभा असतो. एक गोलची आघाडी मिळाली की पोरं न सांगता मागे सरकतात, आपल्याच पेनल्टी बॉक्समध्ये गर्दी करतात. मग लांब मारलेला चेंडू उचलायला पुढे आपलं कुणीच नसतं. तो समोरच्यांना मिळतो आणि फिरून आपल्याच डोक्यावर येतो. त्यांचा ट्रेनर, निवृत्त पोस्टमन, रेषेवरून ओरडतो, “राउस! राउस!” बाहेर या. चेंडू लांब गेला की बचावफळीने दहा पावलं वर यायचं, दमला असाल तरी. पोरं धापा टाकत येतात.

पहिल्यांदा ती आरोळी ऐकली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. हाच शब्द मी स्टेशनमागच्या भिंतीवर वाचला होता, पण तिथे तो आमच्यासारख्यांना उद्देशून होता. आता मीही ओरडतो.

हे सगळं ग्रुपवर लिहिलं, वर टोमणाही मारला की आमच्याकडे अकरा वर्षांच्या पोराला जे शिकवतात ते आपल्याकडे राष्ट्रीय संघाला सांगावं लागतं. लगेच उत्तर आलं, “आमच्याकडे म्हणजे कुठं रे? आणि आपल्याकडे म्हणजे?”

काय सांगणार. गेल्या वर्षी मी जर्मनीचा लाल पासपोर्ट घेतला, जुना परत केला, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड पाकिटात आहे. त्या कार्डावर भारताकडून खेळता येत नाही. २०२५ मध्ये फुटबॉलपटू रायन विल्यम्सने भारताकडून खेळण्यासाठी ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडला. पर्थमध्ये जन्मलेला माणूस. मी ग्रुपवर त्याचं तोंडभर कौतुक केलं होतं.

मग हा प्रश्न विचारणाऱ्यानेच दोहाच्या मॅचच्या रात्रीचे माझेच दोन मेसेज शोधून टाकले. ३७व्या मिनिटाचा: “आपण पुढे!!!” आणि ८६व्या मिनिटाचा: “हे लोक कधी सुधारणार नाहीत.”

त्याला मी अंगठा दिला. तेरावा.