महानगरपालिका झाली म्हणून बदलापूरचे पाणी वाढेल का?

कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेची महानगरपालिका झाली की शहराचे बहुतेक प्रश्न मार्गी लागतील, हा दावा वर्षानुवर्षे केला जातो आणि निवडणुका जवळ आल्या की अधिक जोराने पसरतो. त्याच्या पुष्ट्यर्थ साधारणपणे चार कारणे सांगितली जातात: लोकसंख्या ३ लाखांपुढे गेल्यामुळे महानगरपालिका हा शहराचा कायदेशीर हक्क आहे, पाणीपुरवठा सुधारेल, अनधिकृत बांधकामांना आळा बसेल आणि नागरिकांचा आवाज वाढेल.

लोकसंख्येचे कारण सर्वांत ठाम वाटते, परंतु ते अर्धेच खरे आहे. राज्यघटनेच्या भाग नऊ-क मध्ये, म्हणजे नगरपालिकांविषयीच्या भागात, लोकसंख्या म्हणजे आकडे प्रसिद्ध झालेल्या शेवटच्या जनगणनेतील लोकसंख्या, अशी व्याख्या आहे आणि २०११ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची नोंद १,७४,२२६ इतकी होती. प्रत्यक्षातील वस्ती आज त्याहून कितीतरी मोठी आहे, हे लोकलच्या गर्दीत उभ्या राहणाऱ्या कोणालाही वेगळे सांगावे लागणार नाही. पण अंदाज म्हणजे जनगणना नव्हे. शिवाय लोकसंख्येबरोबरच घनता, स्थानिक महसूल, बिगरशेती रोजगाराचे प्रमाण आणि आर्थिक महत्त्व हेही पाहावे लागते. दुसऱ्या बाजूने, २०११ ची नोंद ३ लाखांच्या आत असूनही इचलकरंजी २०२२ मध्ये आणि जालना २०२३ मध्ये महानगरपालिका झाली. म्हणजे हा आकडा ओलांडला म्हणून दर्जा आपोआप मिळत नाही आणि ओलांडला नाही म्हणून अडतोच असेही नाही. निर्णय राज्य शासनाचा असतो. त्याला हक्क म्हणणे ही अतिशयोक्ती आहे.

पाण्याचा मुद्दा अधिक गंभीर आहे, कारण त्यात मूळ माहितीच चुकीची आहे. बदलापूर आणि अंबरनाथ या दोन्ही शहरांत पाणीपुरवठा नगरपरिषद करत नाही. तो महाराष्ट्र जीवन प्राधिकरण ही राज्य शासनाची संस्था करते. उल्हास नदीतून पाणी उचलणे, शुद्ध करणे, टाक्यांपर्यंत नेणे, ग्राहकांना बिल देणे ही सर्व कामे तिचीच आहेत. नळ कोरडा पडला की मोर्चा नगरपरिषदेवर जातो, हे समजण्याजोगे असले तरी तेथील अधिकाऱ्याच्या हातात वाहिनीची चावी नसते. नगरपरिषदेचा दर्जा बदलल्याने ही योजना नव्या महानगरपालिकेकडे आपोआप येणार नाही. हस्तांतरणासाठी स्वतंत्र निर्णय, कर्मचाऱ्यांची व्यवस्था आणि थकबाकीचा हिशेब लागेल. समजा योजना आली, तरी नदीतून किती पाणी उचलायचे याची मंजुरी जलसंपदा विभागाकडेच राहील. उदाहरण दूरचे शोधावे लागत नाही. कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेत २०१५ मध्ये पुन्हा समाविष्ट झालेली २७ गावे त्यानंतरही औद्योगिक विकास महामंडळाच्या पाण्यावर अवलंबून राहिली आणि तेथील टंचाईसाठी आंदोलने होत राहिली.

याच संदर्भात एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या कल्याण महानगरपालिकेत बदलापूर आणि अंबरनाथ यांचा समावेश होता. १९९२ मध्ये ही दोन्ही शहरे तिच्यातून बाहेर पडली आणि त्यांच्या स्वतंत्र नगरपरिषदा झाल्या. महानगरपालिकेचा अनुभव या शहराने घेतलेला आहे.

अनधिकृत बांधकामांविषयी थोडक्यात सांगता येईल. नोटीस देण्याचे आणि बांधकाम पाडण्याचे अधिकार नगरपरिषदेला १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाने आणि १९६६ च्या नगररचना अधिनियमाने आधीच दिलेले आहेत. शेजारच्या कल्याण-डोंबिवलीत बनावट परवानग्यांवर उभ्या राहिलेल्या ६५ इमारती पाडण्याचे आदेश उच्च न्यायालयाला द्यावे लागले, आणि तेथे महानगरपालिका चार दशकांपासून आहे.

नागरिकांचा आवाज वाढेल, हा दावा तर वस्तुस्थितीच्या उलट आहे. सध्याच्या कायद्यानुसार नगरपरिषदेचा नगराध्यक्ष थेट मतदारांकडून निवडला जातो (ही तरतूद २०१६ मध्ये आली, २०२० मध्ये गेली आणि २०२२ मध्ये परतली, हा खेळ वेगळाच). महापौराला मात्र नगरसेवक निवडतात, तेही अडीच वर्षांसाठी, आणि कार्यकारी अधिकार शासनाने नेमलेल्या आयुक्ताकडे असतात. प्रभागही मोठे होतात: नगरपरिषदेत बहुधा दोन सदस्यांचा, तर मुंबई वगळता इतर महानगरपालिकांत साधारणतः चार सदस्यांचा. तक्रार घेऊन नेमके कोणाकडे जायचे, हे चार नगरसेवकांच्या प्रभागात अधिकच धूसर होते. निवडणुका लांबल्या तेव्हाही दर्जाने कोणाला वाचवले नाही. २०२० मध्ये मुदत संपल्यावर बदलापूरप्रमाणेच कल्याण-डोंबिवलीतही पाच वर्षे प्रशासकच होता.

महानगरपालिकेचे फायदे नाहीत असे नाही. वरिष्ठ अधिकारी मिळतात, अभियंते आणि वैद्यकीय कर्मचाऱ्यांची पदे वाढू शकतात आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या देखरेखीतून शहर बाहेर पडते. मात्र या वाढीव आस्थापनेचा पगार कोठून येणार, हे दावा करणाऱ्यांनी सांगितले पाहिजे. उद्योग कमी आणि सदनिका अधिक असलेल्या शहरात स्वतःच्या उत्पन्नाचा मोठा आधार मालमत्ता कर हाच असतो. १ ऑक्टोबर २०१६ रोजी स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेत सिडको वसाहतींतील रहिवाशांना स्थापनेपासूनच्या कराची देयके आली, तेव्हा त्या काळातील सेवा सिडकोने दिल्या होत्या असे म्हणत त्यांनी विरोध केला आणि वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. बदलापुरात पाण्याचे बिल जीवन प्राधिकरणाकडेच राहिले आणि कर मात्र महानगरपालिकेच्या दराने आला, तर हाच प्रश्न येथेही उभा राहील.